एका विषयांत नापास : मुंबई विश्वविद्यालयाच्या प्रवेशपरीक्षेविषयीं कांहीं विचार

गेल्या मार्च महिन्यांत अमेरिकेंतील न्यू जर्सी येथें राहणाऱ्या आमच्या भाचीचें पत्र आलें. तिचा मुलगा तेथील हायस्कुलाच्या शेवटच्या, म्हणजे बाराव्या, वर्षांत आहे. कॉलेजानें त्यास घेतल्याचें पत्र हातीं पडलें आहे. परंतु त्या पत्राच्या अखेरीस, चालू वर्षाचा अभ्यास समाधानकारक रीतीनें पुरा झाला पाहिजे, अशी अट घातलेली आहे. आणि मुलगा तर गणितांत नापास होण्याच्या बेतांत आहे. "मामा, तुम्ही सारा जन्म शाळेंत काढलात. दिलेला प्रवेश असा परत घेतात का हो?" असें तिनें विचारलें होतें. अक्षरावरून तिला रात्रभर झोप लागली नसावी, असें दिसत होतें.

तिकडील रीत आपल्या रीतीच्या उलट आहे. आपल्याकडे आधीं निकाल, मग प्रवेश. तिकडे आधीं प्रवेश, मग निकाल. वर्ष संपल्यावर अखेरची गुणपत्रिका शाळेकडून परभारें कॉलेजाकडे जाते. तींत एखादा विषय बुडालेला दिसला तर कॉलेज बहुधा प्रथम खुलासा मागतें, कधीं विद्यार्थ्यास ताकीद देऊन घेतें, आणि कधीं दिलेला प्रवेश रद्दही करितें. एवढें उत्तर आम्हीं तिला त्याच दिवशीं धाडलें. परंतु एका विषयापायीं कॉलेजचें दार बंद व्हावें, ही गोष्ट आपल्या प्रांतांत केव्हां सुरू झाली, कोणत्या नियमानें चालली व कोणाकोणाच्या वाटेंत आली, हा प्रश्न त्यानंतर आमच्या मनांतून जाईना. त्यांतच वडिलांच्या पेटींतील एक जुनें पोस्टकार्ड आम्हांस आठवलें. त्याचा मजकूर पुढें यथास्थळीं येईल.

प्रथम शब्दाविषयीं थोडें. 'मॅट्रिक्युलेशन' हा शब्द लॅटिन 'मात्रिकुला' या शब्दावरून आला आहे. त्याचा अर्थ नांवनिशीची वही, आपल्या शाळांतील भाषेंत बोलावयाचें तर पट. त्याच्या मुळाशीं 'मातेर' म्हणजे आई हा शब्द आहे, व तो आपल्या 'मातृ' शब्दाचा सख्खा भाऊ होय. विश्वविद्यालयाच्या पटांत नांव चढणें, इतकाच काय तो या परीक्षेचा मूळ अर्थ. कलकत्त्याकडे तिला 'एंट्रन्स' म्हणत, व आपल्याकडील जुने लेखक 'प्रवेशपरीक्षा' म्हणत. दोहोंचा भाव एकच, दार. पण खेड्यापाड्यांत 'मुलगा मॅट्रिक झाला' हें वाक्य ज्या सुरांत बोललें जाई तो सूर दाराचा नव्हता, मुक्कामाचा होता. मुंज झाली, लग्न झालें, तसा मॅट्रिक झाला. एकच परीक्षा, पण विश्वविद्यालयाच्या लेखीं ती आरंभ आणि लोकांच्या लेखीं शेवट. या दुहेरीपणांतूनच पुढील बहुतेक दुःखें उत्पन्न झालीं, असें आमचें मत आहे.

सर चार्ल्स वुड यांचा शिक्षणविषयक खलिता इ. स. १८५४ चा. त्यास अनुसरून इ. स. १८५७ सालीं कलकत्ता, मुंबई व मद्रास येथें विश्वविद्यालयें निघालीं. मुंबईचा कायदा १८ जुलैचा. उत्तरेंत बंडाचा वणवा पेटला असतांना इकडे पदव्यांचे कायदे होत होते, हें इतिहासाच्या अभ्यासकांस चमत्कारिक वाटेल. पण राज्यकारभार हा असाच अनेक हातांनीं चालत असतो. नमुना घेतला तो लंडन विश्वविद्यालयाचा. त्या नमुन्याचें मुख्य लक्षण असें कीं, विश्वविद्यालयानें स्वतः शिकवावयाचें नाहीं, फक्त परीक्षा घ्यावयाची. गुरूच्या घरीं राहून त्याच्या डोळ्यांदेखत शिष्य तयार व्हावा, ही आपली जुनी परंपरा. तींत परीक्षा नव्हती असें नाहीं. पण परीक्षा घेणारा शिष्यास ओळखीत असे. नव्या पद्धतींत तो ओळखीत नसावा, हाच नियम झाला.

मुंबईची पहिली प्रवेशपरीक्षा इ. स. १८५९ सालीं झाली. १३२ उमेदवार बसले, त्यांपैकीं २२ उतरले. त्या बाविसांत महादेव गोविंद रानडे होते व रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. पुढें तीन वर्षांनीं, इ. स. १८६२ मध्यें, हे दोघे, बाळ मंगेश वागळे व वामन आबाजी मोडक असे चौघे पहिले बी. ए. झाले. ही हकीकत सर्वांस पाठ आहे, व ती तशी असावी हें योग्यच आहे. परंतु १३२ मधून २२ वजा केले असतां ११० उरतात, ही वजाबाकी कोणी सहसा करीत नाहीं. विश्वविद्यालयाच्या पुस्तकांत उत्तीर्णांचीं नांवें छापतात. इतिहासाचीं साधनें हीं अशीं पार पडलेल्यांनीं ठेविलेलीं असतात.

येथें 'उत्तीर्ण' हा शब्द ध्यानांत घेण्यासारखा आहे. 'तॄ' धातूचा अर्थ तरून जाणें. 'उत्तीर्ण' म्हणजे पाण्यांतून पैलतीरास निघालेला. अर्थात् अनुत्तीर्ण म्हणजे जो अद्याप पाण्यांत आहे, किंवा अलीकडील तीरावर उभा आहे, तो. बुडाला, असा अर्थ त्या शब्दांत मुळींच नाहीं. लोकांनीं मात्र फारशी 'ना' व इंग्रजी 'पास' यांची मोट बांधून 'नापास' हा धेडगुजरी शब्द केला, आणि तो एखाद्या नाण्यावर ठोकलेल्या खोटेपणाच्या छापासारखा मुलाच्या कपाळीं मारला.

आतां नियमाकडे वळूं. या परीक्षेंत इंग्रजी, दुसरी एक भाषा, गणित, आणि इतिहास, भूगोल, सृष्टिज्ञान वगैरे मिळून होणारें सामान्य ज्ञान, अशीं सदरें असत. प्रत्येक सदरांत स्वतंत्रपणें उतरावें लागे. एका सदरांतील शिल्लक दुसऱ्या सदराच्या तुटीस चालत नसे. आमच्या लहानपणीं वाण्याच्या वहीतसुद्धां इतका कडकपणा नव्हता. तेथें गुळाचे पैसे तांदुळांत वळते होत. शिवाय एका सदरांत तूट आली कीं परीक्षा सबंद पुनः द्यावयाची. उतरलेल्या विषयांसह सारे विषय पुनः लिहावयाचे. म्हणजे गणितांत दोन गुण कमी पडलेल्या मुलाला इंग्रजीचाही दंड, भाषेचाही दंड, आणि वर्षाच्या फीचा दंड निराळाच. आधुनिक मराठी कवितेचे प्रवर्तक केशवसुत हे इ. स. १८८९ सालीं, वयाच्या तेविसाव्या वर्षीं मॅट्रिक झाले. कॉलेजाचें त्यांचें राहूनच गेलें, व पुढील आयुष्य शाळामास्तरकींत गेलें. हें एकट्या परीक्षेमुळें झालें असें आम्ही म्हणत नाहीं. गरिबी होतीच. परंतु गरिबाचें एक वर्ष आणि श्रीमंताचें एक वर्ष यांची लांबी सारखी नसते.

हा नियम किती बारीक धाग्यावर माणसास टांगीत असे, याचें उत्तम उदाहरण म्हणजे इ. स. १८८७ सालची परीक्षा. त्या वेळीं परीक्षेचीं ठिकाणें दोनच, मुंबई व अहमदाबाद. राजकोटच्या हायस्कुलांतील मोहनदास करमचंद गांधी हे अहमदाबादेस बसले, कारण तें जवळ व कमी खर्चाचें. राजकोटाहून अहमदाबादेपर्यंत त्यांनीं एकट्यानें केलेला हा पहिलाच प्रवास. त्यांचे गुण पुढें प्रसिद्ध झाले आहेत : इंग्रजींत २०० पैकीं ८९, गुजरातींत १०० पैकीं ४५॥, गणितांत १७५ पैकीं ५९, सामान्य ज्ञानांत १५० पैकीं ५४. एकूण ६२५ पैकीं २४७॥, व उत्तीर्णांच्या यादींत क्रमांक ४०४.

वाचकांनीं गणिताचा आंकडा पुनः पाहावा. १७५ चा तिसरा हिस्सा ५८ व कांहीं अपूर्णांक होतो, मिळाले ५९. भूमितींतील एखादें प्रमेय त्या दिवशीं आठवलें नसतें, किंवा अंकगणितांतील एखाद्या भागाकारांत हात चुकला असता, तर काय झालें असतें, असा तर्क आम्ही लढवीत बसत नाहीं. तो इतिहासाचा प्रांत नव्हे. पण एवढें खरें कीं, त्या गुणांच्या बळावर इ. स. १८८८ च्या आरंभीं ते भावनगरच्या सामळदास कॉलेजांत गेले, तेथील व्याख्यानें त्यांस समजेनात, एक सत्र संपवून ते घरीं आले, आणि मावजी दवे या कुटुंबाच्या स्नेह्यानें, बी. ए. होण्यांत चार-पांच वर्षें दवडण्यापेक्षां विलायतेस जाऊन बॅरिस्टर व्हावें, असा सल्ला दिला.

विलायतेंत त्यांनीं आपण होऊन लंडनची मॅट्रिक्युलेशन देण्याचें ठरविलें. त्या परीक्षेंत लॅटिन आवश्यक होती. इ. स. १८९० च्या जानेवारींत ते लॅटिनमध्यें नापास झाले. पण ती परीक्षा दर सहा महिन्यांनीं होत असे. त्यांनीं धीर सोडला नाहीं. राहणी आणखी साधी केली, एका खोलींत बिऱ्हाड करून सकाळचें अन्न हातानें शिजवूं लागले, रसायनशास्त्र सोडून उष्णता व प्रकाश हा विषय घेतला, आणि त्याच सालीं जूनमध्यें उतरले. ही हकीकत त्यांनीं आत्मकथेंत कोणताही आव न आणितां सांगितली आहे. आमच्या शिक्षकी नजरेस तींत एक बारीक गोष्ट दिसते. नापास झालेल्या मुलास सहा महिन्यांत दुसरी संधि होती व एक विषय बदलण्याची मोकळीक होती. माणूस तोच, नियमाच्या घडणींत फरक.

विषय बदलण्याचा प्रश्न निघाला म्हणून दुसऱ्या भाषेविषयीं लिहिलें पाहिजे, आणि येथें आम्हांस जरा थांबणें भाग आहे, कारण तो आमच्या स्वतःच्या शास्त्राचा विषय आहे. गांधीजींनीं लिहिलें आहे कीं, शाळेंत संस्कृत त्यांस जड वाटे. फारशी सोपी व तिचे मौलवीही सौम्य, असें ऐकून एके दिवशीं ते फारशीच्या वर्गांत जाऊन बसले. त्यांच्या संस्कृतच्या गुरुजींस, कृष्णशंकर पंड्या यांस, याचें वाईट वाटलें. त्यांनीं मुलास बोलावून, तूं वैष्णवाचा मुलगा, आपल्या धर्माची भाषा शिकणार नाहींस का, अडचण असेल ती मला येऊन सांग, असें समजाविलें. मुलगा लाजून परत आला. पुढें जन्मभर त्यांनीं त्या गुरुजींचे आभार मानिले. मॅट्रिकला मात्र त्यांनीं गुजराती घेतली होती, हें वरील गुणांवरून दिसतेंच.

ही गोष्ट आम्हीं वर्गांत अनेक वर्षें सांगितली. शिक्षकानें असें असावें, असें म्हणून सांगितली. तिची दुसरी बाजू मात्र फार उशिरां आमच्या बोलण्यांत येऊं लागली, व तें येथें कबूल करितों. इ. स. १९०७ सालीं मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलांतून भीमराव रामजी आंबेडकर मॅट्रिक झाले. त्यांस संस्कृत शिकावयाची होती. अस्पृश्याच्या मुलास तो विषय शिकविण्याचें नाकारण्यांत आलें, आणि निरुपायानें त्यांस फारशी घ्यावी लागली. एका मुलास फारशीच्या वर्गांतून हात धरून संस्कृताकडे आणिलें. दुसऱ्यास संस्कृताच्या दारांतून फारशीकडे घालविलें. परीक्षा एकच, विश्वविद्यालय एकच, मध्यें वर्षें वीस. विश्वविद्यालयाच्या नियमांत 'अमक्यानें संस्कृत घेऊं नये' असें कोठेंही लिहिलेलें नव्हतें. तें लिहिण्याची गरजच नव्हती. आमच्यासारखे शिक्षक तेथें होते.

त्यांचे गुण ७५० पैकीं २८२. शेंकडा अडतिसांहूनही थोडे कमी. तरी अस्पृश्य समाजांतील मुलानें मॅट्रिक होणें ही गोष्ट इतकी अपूर्व होती कीं, त्यासाठीं अभिनंदनाची सभा भरली. अध्यक्ष सीताराम केशव बोले होते, आणि कृष्णराव अर्जुन केळुसकर यांनीं स्वतः लिहिलेलें बुद्धचरित्र त्या मुलास भेट दिलें. पुढें केळुसकरांच्याच खटपटीनें सयाजीराव गायकवाड महाराजांकडून दरमहा पंचवीस रुपयांचें साहाय्य मिळालें, व इ. स. १९१२ सालीं ते एल्फिन्स्टन कॉलेजांतून बी. ए. झाले. संस्कृत त्यांनीं नंतर स्वतः मिळविली. हे २८२ गुण, आणि वरचे २४७॥ गुण, आज अकरावीच्या प्रवेशाच्या यादींत घातले तर त्यांचीं नांवें शहरांतील चांगल्या कॉलेजाच्या कोणत्याही फेरींत लागणार नाहींत.

मॅट्रिकचा दाखला नसतांही दार उघडल्याचें एक उदाहरण आहे, पण तें आपल्या देशांतलें नव्हे. आनंदीबाई जोशी इ. स. १८८३ सालीं पेन्सिल्व्हेनियाच्या स्त्रियांच्या वैद्यक कॉलेजांत दाखल झाल्या, त्या पत्र लिहून, आणि इ. स. १८८६ सालीं एम. डी. होऊन बाहेर पडल्या.

उलट, मॅट्रिक उत्तम रीतीनें झाल्यावरही एका विषयानें कसें अडविलें, हें पाहावयाचें असेल तर मद्रास इलाख्यांत कुंभकोणमला गेलें पाहिजे. श्रीनिवास रामानुजन हे तेथील सरकारी कॉलेजांत इ. स. १९०४ सालीं शिष्यवृत्ति घेऊन गेले. गणिताखेरीज दुसरें कांहीं त्यांना सुचेना; इंग्रजींत ते नापास झाले आणि शिष्यवृत्ति गेली. मग मद्रासच्या पच्चयप्पा कॉलेजांतून इ. स. १९०६ व १९०७ अशीं लागोपाठ दोन वर्षें ते एफ. ए. च्या परीक्षेंत गेले. तेथें शरीरशास्त्र आडवें आलें. पुढें पोर्ट ट्रस्टची कारकुनी. इ. स. १९१३ सालीं मद्रास विश्वविद्यालयानेंच, ज्यानें त्यांस नापास ठरविलें होतें त्यानेंच, दरमहा पंचाहत्तर रुपयांची संशोधनवृत्ति दिली, व दुसऱ्या वर्षीं ते केंब्रिजला गेले. पदवी नसलेल्या माणसास संशोधनवृत्ति देतां येते असें एकदां ठरविल्यावर ती देतां आली, ही गोष्ट नियमांच्या अभ्यासकानें विसरूं नये. पण रामानुजनांचें उदाहरण देऊन नापास मुलांचें समाधान करण्याची जी चाल पडली आहे ती आम्हांस मान्य नाहीं. शंभर वर्षांत एखाद्यासाठीं कोणी नियम वांकवितो. बाकीच्यांनीं काय करावें?

बाकीच्यांचा विचार इ. स. १८८२ सालीं नेमलेल्या हंटर कमिशनानें केला होता. आपल्या प्रांतांतून काशीनाथ त्र्यंबक तेलंग तींत सभासद होते; जोतीराव फुल्यांनींही तिच्यापुढें आपलें निवेदन मांडलें, त्यांत सरकारी पैशाचा ओघ वरच्या वर्गांच्या शिक्षणाकडे जातो व प्राथमिक शिक्षण उपाशी राहतें, अशी तक्रार होती. कमिशनाच्या ध्यानांत आलें कीं, मॅट्रिक देणाऱ्यांपैकीं पुष्कळांस कॉलेजांत जावयाचेंच नसतें. नोकरी पाहिजे असते. तेव्हां हायस्कुलाच्या वरच्या वर्गांत दोन वाटा कराव्या, एक विश्वविद्यालयाकडे जाणारी व दुसरी व्यापारउदीम वगैरे व्यवहाराकडे जाणारी, अशी शिफारस झाली. मुंबई इलाख्यांत स्कूल फायनल नांवाची परीक्षाही निघाली. परंतु दुसऱ्या वाटेला प्रतिष्ठा आली नाहीं, ती नाहींच. आईबापांस दोन्ही हवें : नोकरीही मिळावी व दारही उघडें राहावें. पुढें इ. स. १९१७ ते १९१९ च्या सॅडलर कमिशनानें, शालान्त परीक्षा विश्वविद्यालयांच्या हातून काढून निराळ्या मंडळांकडे सोंपवावी, असें सांगितलें. तें आपल्या प्रांतांत पुरतें घडून यावयास आणखी तीस वर्षें लागलीं.

परीक्षेच्या बाजूनेंही दोन शब्द लिहिणें न्यायाचें होईल. धोंडो केशव कर्वे इ. स. १८७५ सालीं सहावीच्या सरकारी परीक्षेसाठीं कोंकणांतील मुरुडहून साताऱ्यास गेले. शंभराहून अधिक मैल, पायीं, घाट चढून. तेथें कमिटीच्या अध्यक्षांनीं त्यांच्याकडे पाहिलें आणि, हा सतरा वर्षांचा दिसत नाहीं, म्हणून परत पाठविलें. दाखला जवळ असतां केवळ तोंडाकडे पाहून परत पाठविलें. ज्या परीक्षेंत परीक्षकास उमेदवाराचें तोंड दिसत नाहीं, फक्त आंकडा दिसतो, तींत एवढा तरी गुण आहे. पुढें इ. स. १८८१ सालीं कर्वे मॅट्रिक झाले व इ. स. १८८४ सालीं बी. ए. झाले.

परंतु आंकड्यापर्यंत पोंचण्याआधीं मुलाला शाळेच्या हातांतून जावें लागतें, आणि शाळेस तोंड दिसत असतें. शालान्त परीक्षेआधीं शाळेंत पूर्वपरीक्षा होई, व तींत जे कच्चे ठरत त्यांचे अर्ज कांहीं शाळा पुढें पाठवीत नसत. कारण निकालाची टक्केवारी. आम्ही ज्या शाळेंत होतों तींत एके वर्षीं अशा सात मुलांची यादी झाली. त्यांतील एक मुलगा आमच्या वर्गांतील. बाकी विषय बरे; संस्कृतांत शंभरांपैकीं एकोणतीस. रूपें येत नसत, पण सुभाषिताचा अर्थ विचारला तर न अडखळतां सांगे. हेडमास्तरांनीं आम्हांस विचारलें, आणि आम्हीं 'यंदा राहूं द्या' असें म्हटलें. मुलाचा बाप दोन वेळां आमच्या घरीं आला. दुसऱ्या वेळीं तो ओसरीवर बराच वेळ कांहीं न बोलतां बसला व उठून गेला. मुलगा पुनः शाळेंत आला नाहीं. त्या वर्षीं आमच्या विषयाचा निकाल शेंकडा शंभर लागला, व त्याबद्दल वार्षिक समारंभांत आम्हांस शाल मिळाली. ती शाल आम्हीं कधीं वापरली नाहीं. पण परतही केली नाहीं.

आतां तें पोस्टकार्ड. आमचे वडील इ. स. १९४४ सालीं मॅट्रिकला बसले. उतरल्यास सांगलीस विलिंग्डन कॉलेजांत जावें असा बेत होता. राहण्याची सोय एका आप्तांकडे ठरली होती. पोस्टकार्ड आजोबांनीं त्या आप्तांस लिहिलेलें आहे, व वडिलांच्या मागें तें परत आमच्या घरीं आलें. आरंभीं शिरस्त्याप्रमाणें क्षेमकुशल. मग भाताच्या भावाविषयीं तीन ओळी. मग चिरंजीव गणितांत गेला, इतर सर्व विषयांत बरा आहे, एवढी एक ओळ. आणि खोली दुसऱ्या कोणास द्यावयाची असल्यास द्यावी, अशी सूचना. शाई सर्वत्र सारखी, हात कोठेंही हललेला नाहीं. दुसऱ्या वर्षीं वडील सर्व विषय पुनः देऊन उतरले. गणितांतही उतरले. पण मधल्या वर्षांत महागाई भडकली होती, आत्याचें लग्न निघालें, आणि कॉलेजासाठीं बाजूला ठेविलेले पैसे त्यांत गेले. वडील तालुक्याच्या कचेरींत उमेदवारी करूं लागले, व कारकून म्हणून तेथेंच निवृत्त झाले. आम्हांस त्रैराशिक, व्याज, लसावि, सारें गणित त्यांनींच शिकविलें. उदाहरण चुकलें तर ते रागावत नसत; पाटी पुसून, 'आतां फक्त चुकलेली पायरी पुनः कर, सगळें नको,' असें म्हणत. हें वाक्य त्यांनीं कोठून आणिलें असावें, हें आम्हांस पोस्टकार्ड हातीं लागेपर्यंत कळलें नव्हतें.

चुकलेली पायरी तेवढी पुनः करावी, ही गोष्ट नियमांत यावयास फार काळ गेला. मुंबई प्रांतानें इ. स. १९४८ चा कायदा करून शालान्त परीक्षेचें निराळें मंडळ पुण्यास स्थापिलें, आणि मॅट्रिकच्या जागीं एस. एस. सी. आली. कालांतरानें उतरलेले विषय सोडून राहिलेला विषयच द्यावा, अशी सोय झाली. ऑक्टोबरची परीक्षा होती. लोक तिला थट्टेनें 'ऑक्टोबरची वारी' म्हणत, पण वारी झाली तरी वर्ष जाई, कारण कॉलेजें जूनमध्येंच सुरू झालेलीं असत. मग एक किंवा दोन विषय राहिलेल्यांस अकरावींत बसूं देण्याची मोकळीक आली, तिला ए. टी. के. टी. म्हणतात. आणि इ. स. २०१५ पासून दहावीची पुरवणी परीक्षा ऑक्टोबरऐवजीं जुलैंत होऊं लागली, जेणेंकरून त्याच वर्षीं प्रवेश मिळावा. आमच्या नोकरीच्या शेवटच्या तीन वर्षांत या जुलैच्या परीक्षेचीं मुलें आम्हीं पाहिलीं. जूनमध्यें मान खाली घालून दाखला मागावयास आलेला मुलगा ऑगस्टांत रस्त्यांत हटकून नमस्कार करी. त्याच्या ज्ञानांत त्या दोन महिन्यांत फार मोठी भर पडली होती, असें आम्हांस वाटत नाहीं.

कोणी म्हणेल, यानें परीक्षेचें तेज कमी झालें. असें म्हणणारे आमचे सहाध्यायी आहेत, व त्यांच्या म्हणण्यांत तथ्य नाहींच असें नाहीं. शंभरांत पंचाण्णव उतरूं लागले म्हणजे उतरण्याला किंमत राहत नाहीं, आणि धास्ती नाहींशी न होतां जागा बदलते. पस्तिसांच्या रेषेवरून ती नव्वदांच्या रेषेवर जाऊन बसते. परंतु इ. स. १८५९ च्या एकशें दहांचें, सात मुलांच्या त्या यादीचें, किंवा एका पोस्टकार्डाचें उत्तर त्या तेजांत आम्हांस सांपडत नाहीं.

भाचीस आम्हीं दुसरें पत्र लिहिलें. मुलानें आपल्या गणिताच्या शिक्षकांस आजच जाऊन भेटावें व काय केलें असतां विषय सुटेल तें विचारावें. नच सुटला तर कॉलेजाकडे गुणपत्रिका जाण्याची वाट न पाहतां मुलानें स्वतः, आईनें नव्हे, कॉलेजास पत्र लिहून खरी स्थिति कळवावी, आणि उन्हाळ्यांत तोच विषय पुनः करितां येतो का याची चौकशी करावी, असें त्यांत लिहिलें. तिकडील शाळांत उन्हाळ्याचे असे वर्ग पुष्कळ ठिकाणीं असतात. सोबत १८८७ चे चार आंकडे उतरून धाडले, आणि पोस्टकार्डाची नक्कलही.

तिचें उत्तर आठ दिवसांनीं आलें. मुलगा शिक्षकांना भेटला आहे; दोन राहिलेले स्वाध्याय घेण्याचें त्यांनीं कबूल केलें आहे; कॉलेजास पत्र लिहिण्याचें अजून त्याच्या जिवावर येतें. शेवटीं तिनें विचारलें होतें कीं, पणजोबांना गणितांत त्या पहिल्या वर्षीं नक्की किती गुण होते, तें मुलाला पाहिजे आहे. आम्हीं पोस्टकार्ड पुनः काढून उजेडांत धरून पाहिलें. भाताचा भाव तींत आण्यापैसह दिलेला आहे. गुण लिहिलेले नाहींत.